तापीकाठावरून : डोंगराआडचे बंदर



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर चहा फिरत होता आणि पोरांची कोडी रंगली होती. सातवीतल्या एका पोराने विचारले, "आपल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र आहे का?" सगळी पोरे हसली. आपली तापीमाय सुरतेच्या पलीकडे जाईल तेव्हा कुठे तिला समुद्र भेटणार! आम्ही म्हणालो, "समुद्र नाही रे बाबा, पण बंदर आहे." त्यावर तर मोठी माणसेही हसली. एक बाई म्हणाल्या, "नानांचे वय झाले." वय झाले हे खरे. पण बंदर आहे हेही खरे, आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे जाऊन आलो. म्हणून या खेपेचे सदर त्या बंदराचे.

वाचकहो, आमचे सारंगखेडा तापीच्या काठावर. घोडेबाजारामुळे गावाचे नाव दूरवर गेले आहे. डिसेंबरातल्या यात्रेत आपली माणसेही चार पैसे कमावतात. कोणी चारा विकतो, कोणी भांडी घासतो, कोणी तंबूचे बांबू रोवतो. गावातून उत्तरेकडे तोंड केले की सातपुड्याची निळसर रांग दिसते. लहानपणी आम्हाला वाटायचे, जग तिथेच संपते. पुढे कळले की रांगेच्या मागे आणखी रांगा आहेत, त्यांत अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचे डोंगरी पाडे आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मागे नर्मदा आहे. नर्मदेच्या पलीकडे गुजरात, थोडे वर सरकले की मध्य प्रदेश. म्हणजे या लोकांच्या पाठीशी डोंगर आणि पुढ्यात पाणी.

पूर्वी ते पाणी नदीचे होते. उन्हाळ्यात पात्र रोडावले की माणसे उतारातून पलीकडे जात. लेकी पलीकडे दिलेल्या, सुना पलीकडून आणलेल्या. मग धरण आले. सरदार सरोवराची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसवली. राज्याराज्यांत पाण्याचे भांडण लागले, लवाद नेमला गेला आणि १९७९ मध्ये त्याचा निवाडा आला. या धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावे येणार होती, आणि ती सगळी आमच्याच जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. (तेव्हा नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, आपण धुळ्यात होतो. १ जुलै १९९८ ला वेगळे झालो.) मणिबेली हे त्यातले पहिले गाव. १९९३ च्या पावसाळ्यात तिथली घरे पाण्यात गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात चिंचखेडीला सर्वेक्षणाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एक पंधरा वर्षांचा आदिवासी पोरगा गेला. भिंत दर काही वर्षांनी उंच होत गेली आणि पाणी चढत गेले. धरणाची पूर्ण उंची १३८.६८ मीटर. त्या रेषेपर्यंत पाणी पहिल्यांदा सप्टेंबर २०१९ मध्ये भरले.

आता तिथे नदी दिसत नाही. डोंगरांच्या मध्ये अडकलेला समुद्रच दिसतो. काही पाडे तर तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढले गेले. ज्यांनी जमीन घेतली ते तळोदा आणि शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत उतरले, आणि जे राहिले ते काठावरून वर, डोंगराच्या अंगावर चढून बसले. त्यांचा रस्ता म्हणजे बोट. जिथे बोट लागते ते त्यांचे बंदर.

आमचा या बंदराशी संबंध आला तो आमच्या पुतणीमुळे. पोरगी आरोग्यसेविका झाली. वस्तीतली ती पहिलीच. तिच्या पहिल्या पगाराचे पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले. नोकरी कंत्राटी, अकरा महिन्यांचा करार, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. हे गणित तुमच्यापैकी किती घरांत चालते ते आम्हाला सांगायला नको. तिला नेमणूक मिळाली नर्मदाकाठच्या एका गावी. गावाचे नाव इथे देत नाही. पोरीची नोकरी आहे.

ऑर्डर घरी आली त्या रात्री आमच्या भावजयीने चूल पेटवली नाही. माहेरची बोली रागाच्या वेळीच तोंडी येते तशी आली. "पोरले पोहता येत नही, अन् तुम्ही तिले नावमा धाडी ऱ्हायनात!" आमच्याकडे पाहून म्हणाली, कारण पोरीला नर्सिंगला घाला हा हट्ट आमचा होता. आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो की जिथे कोणी जात नाही तिथल्याच जागा रिकाम्या असतात आणि आपल्या वाट्याला त्याच येतात. हे काही समाधान नव्हे. पोरगी मात्र शांतपणे पेटी भरत होती.

तुटून पडणे म्हणजे काय हे आम्हाला त्याआधी थोडेसे कळले होते. २०२३ च्या सप्टेंबरात तापीला मोठा पूर आला आणि आमच्या सारंगखेड्याच्या पुलाचा भराव वाहून गेला. दोंडाईचाकडची वाहतूक बंद. दोंडाईचाला रेल्वे. तिथूनच आपली पोरे सुरतेला कामाला जातात, तिथेच बाजार, तिथेच कित्येकांच्या सोयरिकी. समोर दिसणाऱ्या काठावर जायला केवढा तरी फेरा. तेव्हा आमच्या गल्लीत रोज आरडाओरड. अमक्याची औषधे संपली, तमक्याची मुलगी माहेरी अडकली. आम्हीही ओरडत होतो. पुतणी तेव्हा फोनवर हसून म्हणाली होती, "नाना, तुमचा पूल काही दिवसांत होईल नीट." बाकीचे वाक्य तिने बोलले नाही.

तर गेल्या हिवाळ्यात तिला भेटायला निघालो. भावजयही आली. शहाद्याहून म्हसावदमार्गे धडगावची बस. घाट लागला की बसमधल्या बोलणाऱ्या बाया गप्प होतात. धडगावच्या बाजारात आमचुराचा आंबट वास भरलेला. कैऱ्या सोलून, वाळवून, खाली विकायला न्यायच्या हा तिकडचा जुना धंदा. आपण भाजीत चिमूटभर टाकतो ते आमचूर कोणत्या पोरीने किती अंतर डोक्यावर वाहून आणले असेल, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम सुचले. धडगावाहून जीप, जीप थांबते तिथून पायी उतार, आणि उताराच्या तळाशी पाणी.

आम्ही तापीकाठचे. पाण्याची भीती वाटू नये. पण वाटली. दोन्ही बाजूंनी उभे कडे, पाणी हिरवे-काळे, आणि मधूनच वर आलेली झाडांची वाळकी टोके. बोटवाल्याने सांगितले, खाली शेते आहेत. भावजय बोटीत बसेपर्यंत सारखी पायाखालच्या फळ्या चाचपत होती. एका बोटीत माणसे, शिधा, दोन बकऱ्या, पत्र्याची पेटी, सिमेंटच्या दोन गोण्या, आणि टोकाला शाळेत जाणारी चार पोरे. पोरे आरामात पाण्यात पाय सोडून बसली होती. त्यांना बोट म्हणजे आपल्या पोरांना सायकल.

या बंदराची एक खोड आहे, ती कोकणातल्या बंदराला नाही. समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते, वेळ ठरलेली. इथली भरती वर्षातून एकदा. पावसाळ्यात धरण भरते आणि पाणी डोंगराला वर वर चढते. मग वीज आणि पाणी काढत काढत उन्हाळ्यापर्यंत ते खाली खाली जाते. म्हणून धक्का बांधून ठेवता येत नाही. दिवाळीत जिथे बोट लागते ती जागा वैशाखात कोरडी पडून वर राहते, आणि खाली उरतो तो गाळ. त्या गाळात गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत पाय जातो. पाणी प्यायला उतरलेले ढोर रुतले की बाहेर काढायला अर्धा पाडा लागतो. आणि पोटुशी बाई बोटीपर्यंत न्यायची तर याच गाळातून. आम्हाला हे कागदावर वाचून कधीच कळले नसते.

पुतणी काठावर उभी होती. काळवंडली होती, पण खणखणीत. आईने जवळ घेतले तेव्हा तिने पहिले विचारले, "आई, चिवडा आणला का?" मग आम्ही वर चढलो. कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर, अंगणात मका टांगलेला. मोबाईलला रेंज हवी तर मागच्या टेकडीवर जायचे आणि एका ठरावीक दगडावर उभे राहायचे. त्या दगडाला गावातली पोरे थट्टेने 'ऑफिस' म्हणतात.

रात्री जेवणानंतर तिने आम्हाला एक हकीगत सांगितली. आईसमोर सांगू की नको असे करत सांगितली.

पावसाळा संपता संपता, एका रात्री वरच्या पाड्यातली बाई अडली. पहिलटकरीण. चौघांनी तिला बांबूच्या झोळीत घालून अंधारात उतरवले. निसरडा उतार, पुढे एकाच्या हातात बॅटरी. बोट होती, डिझेल नव्हते. दोन घरांतून बाटल्या गोळा करून ते केले. पलीकडे जिथे रस्ता लागतो तिथे गाडी यायला सांगितली होती, पण निरोप पोहोचला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. अर्ध्या पाण्यात बाळाचे डोके दिसायला लागले. बोट हलत होती, इंजिनाच्या थरथरीने हात ठरत नव्हता. पुतणीने बोटवाल्याला ओरडून सांगितले, "दादा, बंद करा." त्याने इंजिन बंद केले, पाठ फिरवली आणि वल्हे पाण्यात उभे धरून बोट जेवढी स्थिर ठेवता येईल तेवढी ठेवली. सासूने मोबाईलचा उजेड धरला. त्या काळोखात, पाण्याच्या मधोमध, मुलगी जन्मली. रडली नाही. पुतणी म्हणाली, "नाना, मी तिला उपडी धरली, पाठ चोळली, तोंडातले काढले. किती वेळ गेला माहीत नाही. मग ती रडली, आणि पाठ फिरवलेला तो बोटवाला पण रडायला लागला." गाडी काठावर आली होती. दोघी वाचल्या.

आमची भावजय बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "पोर खुशाल शे ना आता?" सकाळी उठून ती स्वतःच त्या पाड्यावर चढून गेली आणि बाळाला पाहून आली. परत येताना तिच्या हातात दोन कणसे होती.

सगळ्यांचे असे निभावत नाही. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ नर्मदेत बोट उलटली. सणाला नदीवर आलेली माणसे, बायका, लेकरे. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बसलेली. अनेकांना वाचवले, पण काहींचे जीव गेले आणि त्यांत लेकरे होती. बातमी दोन दिवस छापून आली. आणि डोंगराची बाजूही पाण्यापेक्षा दयाळू आहे असे समजू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला तेव्हा एका नवऱ्याने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन घाट उतरायला सुरुवात केली. ती वाटेतच गेली. तेही छापून आले होते. आम्ही वाचून हळहळलो आणि पान उलटले.

आपले मुंबईचे वाचक म्हणतील, आम्हाला हे नवे नाही. बरोबर आहे. मंडणगड, दापोली, गुहागरकडच्या आपल्या माणसांनी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलेच. एका बाजूला सह्याद्री, एका बाजूला समुद्र. गिरणीत लागायला मुंबई गाठायची तर घाट चढून जा, नाहीतर बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. पन्नास वर्षांनी, २६ जानेवारी १९९८ ला, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. ज्या वर्षी कोकणाला रेल्वे मिळाली त्याच वर्षी आम्हाला जिल्हा मिळाला. दोन्ही गोष्टींचा आनंद आम्ही त्या वेळी साजरा केला होता. फरक असा की कोकणचा समुद्र आधीपासून तिथे होता. नर्मदाकाठच्या माणसाच्या दारात तो आणून सोडला गेला.

इथे एक गोष्ट आठवते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा पाणी आणि वीज ही कामेही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच काळात आकाराला आली. १९४५ साली केंद्र सरकारचा जो आयोग निघाला त्याचे नाव होते जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग. नावातले शेवटचे शब्द पाहा. पाणी अडवायचे तर शेताला द्यायचे, वीज काढायची, आणि त्याच पाण्यावरून माणसांच्या नावाही चालवायच्या. सरदार सरोवरात पहिल्या दोन गोष्टी झाल्या. विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. तिसऱ्या गोष्टीसाठी मात्र दोन घरांतून डिझेलच्या बाटल्या गोळा कराव्या लागतात.

विजेचे म्हणाल तर बिलगावची गोष्ट ऐका. अक्राणी तालुक्यातले हे गाव. तारा येत नाहीत म्हणून केरळातून दोन इंजिनियर आले, गावाने श्रमदान केले, आणि ओढ्याच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचे छोटे वीजकेंद्र उभे राहिले. २००३ साली घराघरांत आपला स्वतःचा दिवा लागला. २००६ च्या पुरात ते केंद्र गेले. तीन वर्षे दिवा जळला. शाहरुख खानचा 'स्वदेस' पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात गावकरी पाण्यावर वीज करतात. त्या कथेमागे हे बिलगाव होते, असे सांगितले जाते.

जमिनीचेही थोडे लिहायला हवे, कारण त्यात आपले दुखणे मिसळलेले आहे. लवादाने सांगितले होते की जमीन गेलेल्याला किमान दोन हेक्टर जमीन द्या आणि सज्ञान मुलाला वेगळे कुटुंब धरा. ऐकायला चांगले. पण जो पिढ्यान्‌पिढ्या डोंगर कसतो त्याच्या नावावर सातबारा नाही, कागदावर तो अतिक्रमणदार. मग त्याचे काय बुडाले हे मोजायचे कसे? आपल्या वाडवडिलांना विचारा, त्यांना हे चटकन कळेल. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर खानदेशातले भूमिहीन तुरुंगात गेले ते याच सातबाऱ्यासाठी. आमचे वडील त्यात होते. ते म्हणायचे, तुरुंगात पहिल्यांदा दोन वेळ पोटभर भाकर मिळाली. डोंगरातल्या माणसाच्या नावावर जमीन लागायला वनहक्क कायदा यावा लागला, २००६ साली. तेव्हा कित्येकांच्या जमिनी पाण्याखाली गेलेल्या होत्या.

इतके असून ते लोक बसून राहिले नाहीत, हे आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे. १९९१-९२ च्या सुमारास, सरकारी शाळा कागदावर असताना, चिमलखेडी आणि निमगव्हाणला आंदोलनातल्या लोकांनी जीवनशाळा काढल्या. पाणी वाढले की शाळा उचलून वर न्यायची, पुन्हा कूड बांधायचा. त्या शाळांत शिकलेली पोरे पुढे शिक्षक झाली. विस्थापितांनी मच्छीमारांच्या सहकारी संस्था काढल्या. ज्या पाण्याने शेत खाल्ले त्याच पाण्यात आता ते जाळे टाकतात. आणि सरकारने काहीच केले नाही असेही आम्ही लिहिणार नाही. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना या पाण्यात फिरला आहे, डॉक्टर आणि औषधे बोटीत घेऊन.

चिमलखेडीच्या रेलू वसावे यांचे नाव काहींनी ऐकले असेल. अंगणवाडी सेविका, दोन लहान लेकरांची आई. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत अलीगट आणि दादर या पाड्यांतल्या बाया अंगणवाडीत येईनाशा झाल्या. या बाईने मच्छीमाराची छोटी होडी मागून घेतली, वजनकाटा आणि पोषण आहार त्यात ठेवला, आणि अठरा किलोमीटर वल्हवत त्यांच्याकडे जायला लागल्या. पंचवीस लेकरे, काही नुकती जन्मलेली, काही कुपोषित, आणि सात गरोदर बाया. त्यांच्यासाठी रोजचे वल्हवणे. त्या वर्षी आपण सगळे घरात बसून ताटे वाजवत होतो. आमच्या पुतणीने त्यांचा फोटो वर्तमानपत्रातून कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. वर बाबासाहेब आणि रमाई, खाली त्या.

आणखी एक गंमत, म्हणाल तर गंमत. लोकसभेच्या यादीत महाराष्ट्राचा पहिला मतदारसंघ नंदुरबार. विधानसभेचा पहिला अक्कलकुवा. आणि त्यातले पहिले मतदान केंद्र मणिबेली. मोजायला लागलो की महाराष्ट्र तिथूनच सुरू होतो! निवडणुकीत मतदानयंत्र बोटीने त्या भागात पोहोचते, संध्याकाळी परत येते, एक मतसुद्धा पाण्यात पडू नये अशी काळजी घेतली जाते. आम्ही हे तिथल्या एका म्हाताऱ्याला सांगितले. तो थोडा वेळ विडी ओढत राहिला आणि म्हणाला, "यंत्राला जाकीट घालतात का?"

त्या जाकिटावरच येतो. आम्ही दोन दिवस राहिलो. परतीच्या बोटीत शाळेची तीच पोरे होती. बोटीच्या कोपऱ्यात केशरी रंगाची सहा-सात जाकिटे दोरीने बांधून पडलेली. आम्ही बोटवाल्याला विचारले, पोरांना का घालत नाही? तो म्हणाला, ती मोठ्या माणसांची आहेत. आमचा विश्वास बसला नाही. मग त्याने एक सोडून त्यातल्या लहान मुलीच्या अंगात घातले आणि पट्टा आवळला. दोन्ही बाजूंनी वर उचलले. जाकीट डोक्यावरून निघून हातात आले, मुलगी जागच्या जागी राहिली. पाण्यात पडली तर जाकीट तरंगेल. मुलगी फिदीफिदी हसत होती. आमच्या भावजयीने तिला ओढून मांडीवर घेतले आणि उतरेपर्यंत सोडले नाही.

घरी आल्यावर आम्ही विहारात हे सगळे बोललो. दर वर्षी भीमजयंतीची वर्गणी होते. डीजेवर किती जातात हे खजिनदारांच्या वहीत लिहिलेले आहे, इथे लिहून आम्ही आमच्याच पोरांची नाराजी ओढवून घेत नाही. पण या वर्षी मिरवणुकीत एक वाहन कमी आणि आवाज थोडा कमी, इतके तरुण मंडळाने कबूल केले आहे. सहजासहजी नाही. एका पोराने विचारले, "नाना, ते आदिवासी, आपण बौद्ध. आपण का?" आम्ही बोलायच्या आत आमची भावजय मागून उठली. सभेत ती कधी बोलत नाही. म्हणाली, "मनी पोर तठे शे." तेवढ्यावर ठराव झाला.

वही विहारात खजिनदारांकडे आहे, रविवारी सकाळी वंदनेनंतर. रोख नको असेल तर चांगली बॅटरी, शिट्टी, मजबूत नायलॉनची दोरी चालेल. जुने कपडे कृपया आणू नका, ते पुष्कळ जमले आहेत. जाकिटांची चौकशी करायला मंडळाचे दोघे जण सुरतेला जाऊन आले. दुकानदाराने मापे विचारली, ती यांच्याजवळ नव्हती. पुतणीला निरोप धाडला. तिने 'ऑफिस'च्या दगडावर चढून आठ दिवसांनी उत्तर दिले. पाचही पाड्यांतल्या शाळेत जाणाऱ्या पोरांची वजने तिने घेतली आहेत, बाळांच्या काट्यावर नाही मावली त्यांची धान्याच्या काट्यावर. एकूण ४३ मुले. सगळ्यात हलके १२ किलो, सगळ्यात जड ३१. खाली लिहिले आहे : "नाना, पायांमधून जाणारा पट्टा असलेलीच घ्या. नसेल तर घेऊ नका."